उजवाड दुसऱ्याच्या हातात

त्यांनी मला फोटो काढायला शिकवलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. पण कुणी विचारलं, नेमकं काय शिकवलं, की माझी पंचाईत होते. एक गोष्ट सांगायला जावं तर तिच्या अगदी उलटी दुसरी आठवते. आणि दोन्ही त्यांनीच सांगितलेल्या, त्याच मोडक्या खुर्चीत बसून, तितक्याच खात्रीनं.

डिचोलीच्या बाजारात, एका कापडवाल्याच्या डोक्यावर, लाकडी जिना चढून त्यांचा स्टुडिओ होता. लोक त्यांना उजवाडबाब म्हणायचे. आमच्याकडे उजेडाला उजवाड म्हणतात. मी त्यांना मास्तर म्हणायचे, आणि ते त्यांना खपायचं नाही. "मास्तर शाळेंत. हांगा कोण कोणाक शिकयना," म्हणायचे, आणि पुढच्याच वाक्यात शिकवायला लागायचे.

मी तिथे गेले ती आमच्या आबांमुळे. आबा म्हणजे माझे वडील. माहेर माझं मांद्र्याचं. आबा दिवसा भाताच्या कुणग्यात आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारात. त्यांचं काम ठरलेलं, शंकराचं. तोंडाला पांढरं फासायचं, वर भस्म, जटा, गळ्यात कापडाचा नाग. लोक त्यांच्या पाया पडायचे. प्रयोग संपला, तोंड धुतलं, तरी एखादी म्हातारी वाटेत वाकायचीच.

तर आमच्या घरात आबांचे फोटो पुष्कळ होते, पण आबा त्यातल्या एकातही नव्हते. फोटो काढणारा यायचा, कॅमेऱ्याच्या माथ्यावरच फ्लॅश, समोरून धाडकन उजेड मारायचा. पांढऱ्या तोंडावर पांढरा उजेड! नाक नाही, गाल नाही, सारवलेल्या भिंतीला दोन डोळे काढल्यासारखं काहीतरी यायचं. आबा प्रत्येक फोटो हातात धरून बघायचे, लांब न्यायचे, जवळ आणायचे आणि आईला विचारायचे, "हो कोण गो?" आई म्हणायची, "तुमीच न्हय?" आबा मान हलवायचे. "हो म्हाका वळखना."

हसायचे ते, पण त्यांना लागायचं. दम लागायला लागला होता, तांडवात पाय अडखळत होते. शंकराचं काम आता दुसऱ्याला देणार, हे घरात ठरत आलं होतं. त्याआधी त्यांना एकच हवं होतं. शंकर झाल्यावर आपण कसे दिसतो, ते आपलं आपल्याला एकदा ओळखू यावं. बस्स. माझं लग्न होऊन मी डिचोलीजवळच्या सर्वणला आले होते, नवरा खाणीच्या हापिसात, दुपारी मोकळी. म्हटलं, हे आपण शिकू आणि आपणच काढू. अंगात किती धाडस होतं बघा. कॅमेरा कुठून उघडतात तेसुद्धा मला माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी जिना चढून गेले तर ते एका सोललेल्या नारळाचा फोटो काढत होते. नारळ स्टुलावर, त्याचे तीन डोळे समोर. मला म्हणाले, "बाय, हो फ्लॅश धर. पयस. आनीक पयस." पयस म्हणजे लांब. नाव नाही, गाव नाही, कशाला आलीस नाही. फ्लॅशला त्यांनी एका रेडिओवाल्याकडून लांबलचक वायर जोडून घेतली होती. तिचं एक टोक कॅमेऱ्यात, दुसरं फ्लॅशला, आणि फ्लॅश बांधलेला आंबे काढायच्या काठीला. ती काठी त्या दिवशी जी माझ्या हातात आली ती आलीच.

मग कितीतरी दिवस नारळच. कॅमेऱ्यात फिल्मसुद्धा नसायची. काठी डावीकडे, फट्. उजवीकडे, फट्. वरून, खालून. "कितें दिसलें?" विचारायचे. मी म्हणायचे, नारळ. "नारळ दिसलो काय चुकलें. सावळी सांग." सावळी म्हणजे सावली. हळूहळू मला दिसायला लागलं. समोरून उजेड मारला की नारळ चपटा होतो, भाकरीसारखा. बाजूनं मारला की गोल होतो, आणि खालून मारला की भीती वाटते. नारळाची हो! हे कळलं त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला तासन् तास सांगत बसले. तो बिचारा जेवत होता. म्हणाला, "आता तो नारळ फोडा आणि कालवणात घाला."

फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. "तो पोलिसाची बॅटरी. चोर सोदपाक बरो." आणि त्यांचं एक वाक्य तर मी झोपेतही म्हणेन, इतक्या वेळा ऐकलं. "उजवाड दुसऱ्याच्या हातांत आसूंक जाय. पळोवपी एक, दाखोवपी दुसरो." म्हणजे बघणारा एक आणि दाखवणारा दुसरा. फोटो काढणाऱ्यानं उजेड आपल्या हातात ठेवला की तो आपल्याला हवं तेच बघतो, असं काहीतरी. मला पटायचं. पण मग एखाद्या दिवशी स्वतःच एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात फ्लॅश घेऊन सगळं करायचे आणि मला नुसतं बसवून ठेवायचे. मी म्हणायचे, "मास्तर, काल तुम्ही म्हणालात..." की झालं. "कालचो उजवाड काल गेलो, बाय."

त्यांच्याकडे एक काळी छत्री होती. आतून सगळी सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदानं मढवलेली. ते स्वतः विडीसुद्धा ओढत नसत. बाजारभर फिरून रिकामी पाकिटं गोळा करायचे, लोकांना वाटायचं डोकं फिरलंय. त्या छत्रीत फ्लॅश उलटा मारला की बायकांच्या तोंडावर असा मऊ उजेड यायचा, सायीसारखा. आणि पावसात? पावसात ते छत्री बगलेत मारून, भिजत यायचे. "ती पावसाची न्हय."

स्टुडिओत फोटो काढायला कुणी आलं की आधी चहा आणि उंडो. उंडो म्हणजे आमचा पोदेराच्या भट्टीतला पाव, वरून कडक. अर्धा मोडून समोरच्याला द्यायचे. माणूस तो चावतोय, तुकडे झटकतोय, खाणीतल्या ट्रकांबद्दल काहीतरी बोलतोय, तेवढ्यात फट्. "झाला." माणूस ओरडायचा, "अहो, मी तयार नव्हतो!" "तयार जालो म्हणजे तूं सोंपलो," हे त्यांचं उत्तर. लग्नाच्या मुलींचे बाप चिडून जायचे. तरी फोटो बघितला की आणखी प्रती मागायचे. मला मात्र पुन्हा गोंधळ. कारण हेच गृहस्थ एखाद्या म्हातारीला अर्धी दुपार हलू न देता बसवायचे, हनुवटी एवढीशी वर, एवढीशी खाली, आणि शेवटी फोटो न काढताच घरी पाठवायचे. "आज ती आयली ना," म्हणायचे, म्हणजे आलीच नाही. अहो, समोर तर बसली होती!

मला त्यांनी गृहपाठ दिला होता. बसमध्ये बसलं की लोकांच्या नाकाच्या सावल्या बघायच्या. डिचोलीहून मांद्र्याला जायचं म्हणजे वेळ पुष्कळ. मी बघायचे. खिडकीतला उजेड, नाकाची सावली, ओठाला लागते का, गालावर उजेडाचा त्रिकोण उरतो का. एकदा लाटंबार्श्याचा एक काजूवाला समोर बसला होता. बराच वेळ सहन केलं त्यानं, मग म्हणाला, "कितें गो पळयता? म्हज्या नाकार कितें आसा?" मी म्हटलं, सावली. तो उठून मागे जाऊन बसला आणि उतरेपर्यंत नाक पुसत होता.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते, राजभाषा कोंकणी की मराठी. आम्ही घरात बोलायचो कोंकणी, आबांचं नाटक मराठी, पोथी मराठी, शिव्या दोन्हीतल्या. त्याआधी कधी मोजलं नव्हतं. आता जो तो विचारायचा, तुम्ही कुठल्या बाजूचे? दोन्ही बाजूंच्या सभांचे फोटो काढायला मास्तरांनाच बोलावणं यायचं, आणि ते दोन्ही फोटो त्यांनी खालच्या काचेच्या कपाटात शेजारी शेजारी लावले. आधी एका बाजूची माणसं आली. "हे काढा!" मग दुसऱ्या बाजूची आली. "ते काढा!" मास्तर चष्मा कपाळावर सारून दोन्ही फोटोंपाशी वाकले. "पळयात. दोगांयच्या नाकाची सावळी एकेच कुशीक पडल्या," म्हणाले. माणसं एकमेकांकडे बघत निघून गेली. ते स्वतः कुठल्या बाजूचे होते, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हांव मदल्या भिंतीचो." मी मधल्या भिंतीचा! आता ह्याचा अर्थ काय लावायचा?

नाटकाचे फोटो काढायचं शिकवायला ते मला तालमींना न्यायचे. बोलणाऱ्या नटाचा फोटो काढू नको, ऐकणाऱ्याचा काढ, म्हणायचे. बोलणारा पाठ केलेलं बोलतो, ऐकणाऱ्याचं तोंड मात्र त्याचं स्वतःचं असतं. आणि मी काठी घेऊन विंगेत उभी राहायचे, वायर पडद्यामागून त्यांच्यापर्यंत गेलेली. एकदा अशीच उभी असताना गणपतीचं सोंग रंगमंचावर आलं, आणि माझा हात सवयीनं कपाळाला गेला. काठी खाली. फ्लॅश लागला तो सगळा गणपतीच्या पायांवर. त्या दिवशी मास्तर जे बोलले ते बोलले! "स्टेजीर देव ना! देव रंगपटांत उतरता. स्टेजीर आसा तो मनीस आनी ताचो घाम. हात जोडपाचे जाल्यार तिकीट काडून मुखार बस!" रंगपट म्हणजे जिथे नट तोंडं रंगवतात ती जागा. तेव्हापासून मी पक्कं केलं. देव येऊ दे नाहीतर दैत्य, हात हलणार नाही.

मग आमच्या मुलखाचं वेगळं घटकराज्य झालं. पावसाळा सरल्यावर पेडण्यात त्या आनंदाचा एक कार्यक्रम ठरला, संध्याकाळी, एका शाळेच्या सभागृहात. भाषणं, सत्कार, आणि शेवटी दशावतारातला एक प्रवेश, शंकराचा. आबांनी सांगून टाकलं, हे शेवटचं. ह्यानंतर जटा धाकट्या चुलतभावाच्या डोक्यावर.

मी मास्तरांना सांगायला गेले तर त्यांना आधीच माहीत होतं. "हांव येतां," म्हणाले. मला वाटलं होतं मी काढणार, आबांचा फोटो, इतकं शिकून. पण ते म्हणाले, "फोटो हांव काडटां. उजवाड तूं धर. तुजो बापूय, तूं दाखय." मला रडायला आलं, चांगल्या अर्थानं. म्हटलं, ह्याहून काय हवं.

निवेदन कोणत्या भाषेत करायचं ह्यावरून आधी अर्धा तास वाद झाला. शेवटी दोन्हींत झालं. मी विंगेत. काठी आबा जिथे येऊन थांबतात त्या जागेच्या डावीकडे, जरा वर, नारळावर शंभरदा केलेलं तसं. मास्तर खाली, पहिल्या रांगेच्या पुढे गुडघ्यावर. मृदंग सुरू झाला, झांजा, आणि आबा आले. त्या दिवशी पाय अडखळले नाहीत. आले, थांबले, मान वर केली. हीच ती वेळ. माझ्या हातातली काठी दगडासारखी स्थिर. मी वाट बघतेय, आता फट्, आता फट्.

काही नाही.

खाली बघते तर सगळं सभागृह हात जोडून. त्यात नवल नव्हतं. पण सगळ्यांच्या पुढे मास्तर, कॅमेरा गळ्यात लोंबकळतोय, डोळे मिटलेले, आणि हात जोडलेले! वर्षानुवर्षं देवळासमोरून जाताना ज्यांनी मान वळवली नव्हती ते. हात वर नेताना वायरीला हिसका बसला आणि तिचा जोड सुटला. मग त्यांनी डोळे उघडले, धडपडले, खटका दाबत राहिले, पण फ्लॅश मेलेला. वर नुसत्या ट्यूबलायटी. आबांचा प्रवेश संपला.

मी विंगेतून धावत खाली गेले. काय बोलले ते आठवत नाही, पण आवाज चढलेला असणार, कारण भाषणवाले वळून बघत होते. मास्तर सुटलेल्या वायरीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. एवढंच म्हणाले, "तूं वच बाय, बस चुकतली." मी काठी तिथेच टाकली आणि निघाले. आबांना भेटलेसुद्धा नाही. कुठल्या तोंडानं भेटणार?

आठवडाभर मी स्टुडिओत गेले नाही. गेले तेव्हा बघते तर ती लांबलचक वायर हातभर उरलेली. म्हटलं, हे काय? "मोडलेली कापली. आतां इतलीच." काठी भिंतीला टेकलेली होती, पण त्या वायरीला ती आता काय कामाची?

आणि इकडे माहेरी गेलं की आबांचा एकच प्रश्न. "फोटो आयलो?" मला वाटायचं, ते रंगमंचावरच्या फोटोबद्दल विचारतात. खरं सांगायची हिंमत होईना. "धुवायला टाकलाय," म्हणायचे. ते समाधानानं मान हलवायचे, वर डोळे मिचकावायचे, आणि मला आणखी अपराध्यासारखं व्हायचं. मास्तरांना म्हटलं, आबा विचारतात, तुम्हीच येऊन सांगा काय झालं ते. तर म्हणे, "रोल भरूंक जाय." फिल्मचा रोल पूर्ण संपल्याशिवाय ते कधी धुवायचे नाहीत, आणि एकेक फोटो काढायचे सोन्याच्या कणीसारखा. मला वाटलं, वेळ काढतायत. रोलमध्ये आहेच काय?

पुढच्या वर्षी चतुर्थीला माहेरी गेले. गणपतीच्या वर टांगायची फळं-सुपाऱ्यांची माटोळी बांधत होते, वर बघितलं, आणि हातातली सुपारी खाली पडली. भिंतीवर आबा.

अर्धं तोंड पांढरं, भस्माचं. अर्धं पुसलेलं, त्यांचं स्वतःचं, उन्हानं रापलेलं. डोक्यावर जटा अजून तशाच, डावा खांदा जरा उचललेला. उजव्या हातात खोबरेल लावलेलं फडकं, गालाशी. उजेड त्यांच्या डाव्या बाजूनं, जरा खालून, अगदी जवळचा. भस्माचा कणन् कण वेगळा दिसतोय, आणि पुसलेल्या गालावर देवीच्या वणाचे खड्डेसुद्धा. डोळे थेट समोर, आणि त्यांत दमलेलं, खट्याळ हसू.

आई म्हणाली, "तुजो मास्तर सोता घेवन आयलो. ते चंदेरी सत्रयेंत गुठलावन. भायर पावस आनी हो भिजिल्लो." म्हणजे फोटो छत्रीत गुंडाळलेला, कोरडा, आणि मास्तर भिजलेले. आबा आतून आले, माझ्या शेजारी उभे राहिले. मी विचारलं, "आबा, हो कोण?" त्यांनी फोटो लांब, जवळ काही केला नाही. "हांव न्हय गो?" म्हणाले, जसं काही मीच वेड्यासारखं विचारतेय.

मला आनंद झाला, हे तर झालंच. पण लगेच दुसरं बोचलं. मी नव्हते, मग तो उजेड धरला कुणी? इतकी वर्षं माझी काठी, माझे दुखणारे खांदे, आणि ऐन वेळी कुणा तिऱ्हाइताच्या हातात दिला? आबांना विचारलं तर म्हणाले, "विचार तुज्या मास्तराक." मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "तूं न्हय, इतलें खरें." मी पिच्छा पुरवला. तेव्हा उंडो मोडून अर्धा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुका सावळी वाचपाक शिकयली मगो? वाच."

मी वाचली. वर्षानुवर्षं वाचली. पुढे मी स्वतःचं काम सुरू केलं, लग्नं काढली, बारशी काढली, नाटकं काढली, लोक मला विचारायला यायचे. आबा गेले, त्यांच्यामागून मास्तरही गेले. फोटो माझ्याकडे सर्वणला आला. नाकाची सावली कुठे पडलीय, डोळ्यातला उजेडाचा ठिपका कुठे आहे, उजेड किती लांब असेल, सगळं मला पाठ. हातभर लांब. इतकं बरोबर वाचून पुढे मी अडायचे. कोण असेल? चुलतभाऊ? मृदंगवाला? ते हात का जोडले, तेही कोडंच. कधी वाटतं, घाबरले. कधी वाटतं, देव रंगपटात उतरतो म्हणायचे, मग त्यांना तिथेच फोटो हवा होता. कधी वाटतं, काहीच ठरवलेलं नव्हतं, सगळं चुकलं आणि चुकलेलं सावरलं. ज्या दिवशी जे पटतं ते त्या दिवशी खरं.

परवा संध्याकाळी वीज गेली. डोळ्यात पापणीचा केस गेला होता, फार खुपत होतं. आरशासमोर उभी राहिले, उजव्या हातात पदराचं टोक, डाव्या हातात बॅटरी. समोरून धरली तर काही दिसेना, नुसता चपटा उजेड. म्हणून हात लांब केला, बाजूला, जरा खाली. आता दिसायला लागलं.

आणि आरशात माझा डावा खांदा वर उचललेला दिसला. अगदी तसाच. फोटोत आबांचा उचललेला आहे तसा. इतकी वर्षं मी त्यांच्या फडक्याच्या हाताकडे बघत होते. दुसरा हात चौकटीबाहेर कुठे गेलाय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मी तशीच उभी राहिले, हात लांब करून. केस डोळ्यातून कधी निघून गेला, कळलं नाही.